एचपीएमसी २९१०, ४००० ग्रेड : पाण्यात उत्तम, अल्कोहोलमध्ये जपून

जेलसाठी एचपीएमसी, म्हणजेच हायड्रॉक्सीप्रोपिल मिथाइलसेल्युलोज ही सेल्युलोजपासून बनवलेली, द्रावण दाट करणारी पावडर (२९१० हा तिचा रासायनिक प्रकार), निवडताना नजर थेट पाकिटावरच्या ४००० वर जाते. हा आकडा २ टक्के द्रावणाच्या श्यानतेचा, म्हणजे दाटपणाचा आहे, २० अंश सेल्सिअसला मिलिपास्कल-सेकंदांत मोजलेला, आणि तोही निव्वळ पाण्यातला. इथेनॉल, ग्लिसरीन किंवा मीठ पडलं की तो तसाच धरून चालत नाही. म्हणून आधी विद्रावक ठरवावा, मग ग्रेड.

पाण्यात ही पावडर खरोखर गुणी आहे. द्रावण स्वच्छ, पारदर्शक होतं; ढवळताना पातळ, थांबलं की पुन्हा दाट. मात्र थंड पाण्यात पावडर एकदम टाकू नये. कणांचा बाहेरचा थर लगेच फुगतो, आत कोरडी भुकटी अडकते आणि त्या गुठळ्या तासन्‌तास विरघळत नाहीत. १०० ग्रॅम जेलसाठी ३० ते ३५ ग्रॅम पाणी ८० ते ९० अंशांपर्यंत तापवावं, ढवळत २ ग्रॅम पावडर भुरभुरावी. गरम पाण्यात ती विरघळत नाही, फक्त भिजते, आणि नेमकं तेच हवं असतं. सगळे कण ओले झाले की उरलेलं पाणी थंडगार घालून तापमान २० ते २५ अंशांवर येईपर्यंत ढवळावं. अडकलेली हवा रात्रभर ठेवल्यावर निघून जाते.

तापवल्यावर हे द्रावण आधी पातळ होतं आणि साधारण ६० अंशांच्या आसपास अचानक जेल धरतं. थंड झालं की परत वाहतं. एचपीएमसीच्या रेणूवरच्या मेथॉक्सी गटांभोवतीची पाण्याची मांडणी उष्णतेने सुटते आणि ते गट एकमेकांना चिकटतात, म्हणून असं होतं. मीठ, साखर, सॉर्बिटॉल, ग्लिसरीन पाणी स्वतःकडे ओढतात, त्यामुळे जेल होण्याचं तापमान खाली येतं. फॉस्फेट आणि सल्फेट त्यात सर्वांत जोरदार. इथेनॉल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल ते वर नेतात. मीठ-सॉर्बिटॉल असलेलं मिश्रण गरम भरताना बाटलीऐवजी नळीतच जेल धरू लागलं, तर पावडरीला दोष देण्याआधी कृती तपासावी.

इथेनॉलचा हिशोब जरा फसवा आहे. निव्वळ इथेनॉलमध्ये ही पावडर विरघळतच नाही. पाण्यात इथेनॉल वाढवत नेलं की दाटपणा आधी वाढतो, मग उतरतो. यातला काही वाटा विद्रावकाचाच: २५ अंशांना पाण्याची श्यानता सुमारे ०.८९, इथेनॉलची १.०७, पण वजनाने ४० ते ५० टक्के इथेनॉल असलेल्या मिश्रणाची सुमारे २.४ मिलिपास्कल-सेकंद. तयार जेलमध्ये इथेनॉल एकदम ओतलं तर ओतल्या जागी त्याचं प्रमाण फार चढतं आणि पॉलिमर, म्हणजे एचपीएमसीच, पांढऱ्या धाग्यांच्या रूपात बाहेर पडतो. बारीक धार, जोरात ढवळणं, हाच उपाय.

८० टक्के इथेनॉलच्या हँड जेलसाठी हे उत्पादन घेऊ नये. तिथे हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज योग्य. ते निर्जल इथेनॉलमध्येही विरघळतं. पण पाण्यात त्याची गंमत वेगळी: ४० ते ४५ अंशांच्या वर ते जेल न धरता साका होऊन बसतं. याच कुटुंबातल्या इथिलसेल्युलोजची तर श्यानतेची मोजणीच ५ टक्के द्रावणावर, ८० भाग टोल्युइन आणि २० भाग इथेनॉलमध्ये, होते. त्याचं पाकीट एचपीएमसीशी ताडून पाहणं व्यर्थ.

एक उणीव मात्र ठळक आहे. ४००० लिहिलेल्या मालाला औषधकोशाच्या मानकानुसार ३००० ते ५६०० पर्यंत मुभा असते, आणि ओलाव्याला ५ टक्क्यांपर्यंत. म्हणून प्रत्येक बॅचचं प्रमाणपत्र मागवावं, ओलावा वजा करून वजन धरावं आणि तुमच्याच विद्रावकात, श्यानतामापकाचा तोच स्पिंडल (फिरणारा दांडा), तोच वेग, तेच तापमान ठेवून एकदा मोजावं.