रात्री अकराला उपयोगी पडलेली जागा: चिआंग माईतले तीन महिने

डिसेंबर २०२४ च्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत मी थायलंडमधल्या चिआंग माईला राहून पुण्यातल्या कंपनीचं काम केलं. ज्या इमारतीत राहिले तिचा हा अनुभव. ती सांतीथाम भागात आहे, जुन्या शहराच्या खंदकापासून उत्तरेकडे चालत पंधरा मिनिटांवर. तळमजल्यावर कोवर्किंग (सगळ्यांनी मिळून वापरायची कामाची जागा), वर तीन मजले खोल्या आणि गच्चीत सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर.

या शहरातल्या जागांचे जे फोटो आपण बघतो ते सगळे दुपारचे असतात. लाकडी टेबल, कुंड्या, कॉफी. आपल्याकडच्या नोकरदारांचं घड्याळ मात्र वेगळं चालतं. तिथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे पुण्याचा साडेदहाचा स्टँड-अप (टीमची रोजची छोटी बैठक) तिथे दुपारी बाराला. माझा क्लायंट लंडनचा, हिवाळ्यात सात तास मागे. त्यांचा दुपारी साडेतीनचा कॉल माझ्याकडे रात्री साडेदहाला सुरू व्हायचा आणि अकरा-साडेअकरापर्यंत चालायचा. त्यामुळे जागा रात्री अकराला कशी आहे, यावरच मी ती जोखली.

त्या कसोटीला ही जागा उतरली. राहणाऱ्यांसाठी खालचा हॉल चोवीस तास उघडा. फोनवर बोलायला तीन बंद खोपटी आहेत, आत पंखा आहे, दार लावल्यावर बाहेरचं बोलणं ऐकू येत नाही. खुर्चीची पाठ आणि हात दोन्ही वरखाली होतात. आठ तास बसणाऱ्या माणसाला याचं मोल कळतं, कारण आधीच्या जागेत जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर दोन आठवडे काढून माझी कंबर धरली होती. इथे असेपर्यंत नेट एकदाच गेलं, तेही वीस मिनिटं. आणि एकट्या बाईसाठी सगळ्यात मोठी सोय म्हणजे कॉल संपला की दोन जिने चढून थेट खोलीत. मध्यरात्री गाडी बोलवा, रस्त्यावर उभं राहा, यातलं काही नाही.

खोलीचं भाडं महिन्याला १२,००० बाट, तेव्हाच्या हिशेबाने साधारण ३०,००० रुपये. डिपॉझिट एका महिन्याचं, ते निघायच्या दिवशीच परत मिळालं. वीज वेगळी, युनिटला ७ बाट. हा दर सरकारी दरापेक्षा चढा आहे. तिथले बरेच घरमालक असंच करतात, म्हणून पहिल्याच दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवा.

कागदपत्रांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच माणसं अडकतात. थायलंडने जुलै २०२४ मध्ये डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) नावाचा, तिथे राहून परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांनाही मिळणारा व्हिसा सुरू केला. मुदत पाच वर्षं, एका प्रवेशात १८० दिवस राहता येतं, आणि खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात. मी त्यावरच गेले. पण व्हिसा हातात आला म्हणजे काम संपलं असं नाही. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने २४ तासांच्या आत इमिग्रेशनला कळवायचं असतं, त्याला टीएम ३० म्हणतात. आधीच्या जागेच्या मालकाने ‘करतो, करतो’ म्हणत ते केलंच नाही. स्कूटरच्या लायसन्ससाठी पत्त्याचा दाखला काढायला गेले, तर रांगेत दोन तास उभं राहून हात हलवत परत आले. इथे मात्र मी सकाळी बॅग ठेवली आणि संध्याकाळी व्यवस्थापक बाईंनी टीएम ३० ची पावती पासपोर्टच्या आकारात घडी घालून हातात दिली. तिकडे वयाने मोठ्या माणसाला नावाआधी ‘पी’ लावतात, आपण ताई-दादा म्हणतो तसं. मी त्यांना शेवटपर्यंत पीच म्हणत होते.

स्वयंपाकघर यथातथाच. दोन इंडक्शन, एक फ्रीज, भांडी पातळ. वरणभाताला पुरतं. शाकाहारी असाल तर पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरात ‘जे’ (เจ) लिहिलेली दुकानं शोधा. तिथे जेवणात मासळीचा सॉससुद्धा (फिश सॉस) पडत नाही, कांदा-लसूणही नाही.

आता तक्रार, आणि ती लहान नाही. फेब्रुवारी संपता संपता उत्तर थायलंडमध्ये धूर सुरू होतो. मक्याची शेतं जाळतात, जंगलात वणवे लागतात, शेजारच्या म्यानमार-लाओसमधूनही धूर येतो आणि डोंगरांच्या खोलगटात शहर असल्यामुळे तो हलत नाही. आमच्या गच्चीतून रात्री शहरालगतच्या डोई सुथेप डोंगरावरच्या देवळाचे दिवे दिसायचे. जानेवारीभर कॉल संपला की मी पाच मिनिटं वर जाऊन ते बघून यायचे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आधी दिवे गेले, मग दिवसाढवळ्या अख्खा डोंगर दिसेनासा झाला. सकाळी उठलं की घशात राख असल्यासारखं वाटायचं. अशा वेळी हवा शुद्ध करायचं यंत्र फक्त खालच्या हॉलमध्ये होतं, खोल्यांत नाही. विचारलं तर ‘मागणी आली तर बघू’ एवढंच उत्तर. शेवटी मी ३,५०० बाटचं यंत्र स्वतः घेतलं आणि निघताना तिथेच ठेवून आले. मार्चमध्ये पूर्ण भाडं घेणाऱ्या जागेने प्रत्येक खोलीत हे दिलंच पाहिजे. बुकिंगच्या वेळी या धुराबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता, त्याचा मला अजून राग आहे.

तरी पाचपैकी चार देते. कापलेला एक गुण पूर्णपणे धुराचा. दमा असेल किंवा लहान मूल बरोबर असेल, तर फेब्रुवारीच्या मध्यानंतर तिथे राहू नका, जागा कितीही आवडो. मी येत्या डिसेंबरमध्ये परत जातेय. पीला निरोप पाठवलाय: तीच दुसऱ्या मजल्यावरची खोली, आणि १५ फेब्रुवारीपर्यंतच.