मागचे ब्रेक पॅड घरी बदलावेत की गॅरेजात? आधी हँडब्रेक बघा

पुढचे पॅड एकदा स्वतः बदलले की मागचे म्हणजे त्याचंच धाकटं भावंड वाटतं. चाक काढायचं, कॅलिपर (पॅडना डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, दाबणारा भाग) उचलायचा, त्यातला पॅडला ढकलणारा पिस्टन आत दाबायचा, नवे पॅड सरकवायचे, झालं. मलाही तसंच वाटलं होतं. अख्खी दुपार सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा) लावून मी मागचा पिस्टन दाबत बसलो. क्लॅम्पचा दांडा वाकायला आला, पिस्टन मात्र जागचा हलेना. शेवटी टॉर्च मारून पाहिलं तर पिस्टनच्या तोंडावर अधिकच्या चिन्हासारख्या खाचा होत्या. तो दाबायचा नव्हताच, फिरवत फिरवत आत न्यायचा होता.

तेव्हापासून कुणी ‘मागचे पॅड घरी बदलू का?’ असं विचारलं की मी उलट विचारतो, हँडब्रेक कसला आहे? निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

तीन प्रकारचे हँडब्रेक

पहिला प्रकार म्हणजे हँडब्रेकची केबल थेट मागच्या कॅलिपरला जोडलेली. चाक काढल्यावर कॅलिपरच्या मागे छोटा लिव्हर आणि त्याला अडकवलेली केबल दिसते. यात पिस्टनच्या पोटात स्क्रू असतो. पॅड झिजत जातो तसा पिस्टन त्या स्क्रूवर पुढे येत राहतो, म्हणून परत नेताना तो फिरवावा लागतो. बहुतेक वेळा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, पण काही गाड्यांत एका बाजूचा पिस्टन उलटा फिरतो, त्यामुळे मॅन्युअल बघितल्याशिवाय जोर लावू नका. पिस्टन फिरवायचं टूल वेगळं मिळतं. ते नसताना नोजप्लायरने काम उरकणारे बरेच आहेत, पण प्लायर सटकला की पिस्टनभोवतीचं रबरी आवरण (बूट) फाटतं, आत पाणी जातं आणि पिस्टन गंजून अडकतो. आणखी एक बारकावा: काही पॅडच्या पाठीवर छोटा खुंट असतो, तो पिस्टनच्या खाचेतच बसला पाहिजे. नाही बसला तर पॅड तिरका राहतो आणि पाचरीसारखा झिजतो. टूल हाताशी असेल तर हे काम घरी होतं. नसेल तर उगाच हौस करू नये.

दुसरा प्रकार सगळ्यात सोपा. डिस्कच्या मधल्या टोपीत छोटा ड्रम असतो आणि हँडब्रेकचे शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या वक्र पट्ट्या) त्यात वेगळे असतात. कॅलिपरचा पिस्टन साधा, पुढच्यासारखा सरळ दाबला की आत जातो. डिस्कही काढायची असेल तर मात्र आधी हँडब्रेक पूर्ण सोडा आणि शू सैल करा, नाहीतर ड्रमच्या आतल्या कडेला ते अडकतात आणि डिस्क निघता निघत नाही.

तिसरा, बटणवाला इलेक्ट्रॉनिक. कॅलिपरच्या पाठीवर मोटर असते. पिस्टन मागे न्यायच्या आधी तो ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये टाकावा लागतो, म्हणजे मोटर स्वतःचा स्क्रू मागे घेते. काही गाड्यांत हे मेनूतून किंवा पेडल आणि बटणाच्या ठरावीक क्रमाने जमतं, काहींना स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागतोच. सर्व्हिस मोड न लावता पिस्टन रेटला तर आतली यंत्रणा मोडते, आणि मग पॅड बदलण्याचं काम कॅलिपर बदलण्यावर जातं. तुमचा हात आत असताना गाडीत बसलेल्या कुणी बटण दाबलं तर काय होईल, वेगळं सांगायला नको. माझं स्पष्ट मत: स्कॅनर किंवा मॅन्युअलमधली खात्रीची पद्धत हाती नसेल तर ही गाडी गॅरेजात द्या.

गॅरेजात काय मिळतं, घरी काय मिळतं

गॅरेजकडे लिफ्ट, स्कॅनर आणि सरावलेले हात असतात. घरी असतो तो वेळ, आणि या कामात वेळेला फार किंमत आहे. एकदा मी काढलेल्या जोडीत बाहेरच्या पॅडवर ६ मिमी माल शिल्लक होता, आतल्यावर जेमतेम २. कॅलिपर ज्यांच्यावर मागेपुढे सरकतो त्यांपैकी खालची पिन ओढून काढली तर जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं तपकिरी झालेलं, पिन दोन्ही हातांनी पिळल्याशिवाय हलत नव्हती. अशा कॅलिपरमध्ये नवे पॅड घातले तरी तेही तसेच वाकडे झिजणार. म्हणून पिना घासून ब्रेकचंच सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस लावायचं. साधं ग्रीस रबर फुगवतं.

घाईच्या गॅरेजात नेमकं हेच राहून जातं. गाडी देतानाच विचारा, ‘पिना काढून साफ करणार ना?’ आणि जुने चारही पॅड दाखवायला सांगा. जुन्या पॅडकडे बघून कॅलिपरची तब्येत कळते.

घरीच करायचं ठरलं तर मागच्या ब्रेकची एक गोची आधी समजून घ्या. काम करताना हँडब्रेक सोडलेला असतो आणि मागची चाकं हवेत. म्हणजे गाडी धरून ठेवायला फक्त पुढची चाकं. त्यांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. पुढच्या चाकांना ओढ असलेली गाडी गिअरमध्ये ठेवून थोडा आधार मिळतो, मागच्या चाकांच्या ओढीच्या गाडीत त्याचा काडीचा उपयोग नाही. जागा सपाट हवी आणि जॅकखेरीज जॅकस्टँड हवेतच. कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. पिस्टन आत जाताना ब्रेक ऑइलची पातळी वर चढते, टाकी काठोकाठ असेल तर थोडं काढून घ्या. ते रंगावर सांडलं की रंग खातं.

कोणता पॅड

थांबवण्याचा मोठा भार पुढच्या ब्रेकवर येतो, कारण ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं. म्हणून मागे फार महागडा, तापाला टिकणारा पॅड लागतोच असं नाही. ऑरगॅनिक पॅड शांत असतो, डिस्क कमी खातो, पण लांब उतारावर सतत तापला की पकड ढिली पडते. सेमी-मेटॅलिक ताप सोसतो, पण आवाज करतो, चाकं काळी करतो आणि डिस्कही लवकर झिजवतो. सिरॅमिक शांत, त्याची धूळ फिकट असल्यामुळे चाकावर फारशी दिसत नाही, फक्त खिशाला जड. रोजच्या गाडीला मी कंपनीने दिला होता तोच प्रकार पुन्हा घालीन. सेमी-मेटॅलिकचा विचार नेहमी भरलेल्या किंवा काही ओढणाऱ्या गाडीसाठी. एका ॲक्सलवरच्या, म्हणजे डावीउजवीकडच्या, दोन्ही चाकांना एकच जात, हे तर पक्कं.

पॅडच्या कडेवर बहुधा दोन अक्षरांचा घर्षणाचा कोड असतो. पहिलं अक्षर थंड असतानाची पकड सांगतं, दुसरं गरम असतानाची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. जुन्या पॅडचा कोड वाचून त्याच्या जवळचाच घ्या. मागचे पॅड पुढच्यांपेक्षा फार कडक चावू लागले तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक व्हायला बघतात.

डिस्कचं थोडक्यात. किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. १० मिमीच्या मागच्या डिस्कला ८ मिमीची मर्यादा असणं नेहमीचं आहे. मागची डिस्क झिजण्यापेक्षा गंजाने जास्त जाते, कारण तिला काम कमी. नुसता तांबूस थर असेल तर ब्रेक मारून निघतो, खड्डे पडले असतील तर नवे पॅड तिच्यावर फुकट घालवू नका.

काम कुणीही केलेलं असो, गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पहिल्यांदा ते थेट तळाला जातं आणि त्या अवस्थेत गाडी बाहेर काढली तर थांबणार नाही. पेडल कडक झालं की मग हँडब्रेक दोनचार वेळा ओढा. नंतर नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किमीवरून १५ वर, पूर्ण न थांबता, आठदहा वेळा मध्यम दाबाने वेग कमी करा. परत आल्यावर दोन्ही मागच्या चाकांजवळ हात धरून बघा, डिस्कला मात्र लावू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा बरंच गरम लागलं तर त्या बाजूची पिन अडकली आहे किंवा हँडब्रेकची केबल जास्त ताणली गेली आहे. चाक पुन्हा काढावं लागेल.