मटणाचा, चिकनचा की सोयावडीचा: रातच्या जेवणाले कोणता खिमा परवडते?

पाच-सहा माणसांचं घर, वावरातून यायला सात वाजलेले आणि नऊच्या आत ताटं वाढायची, असा रोजचा हिशोब असेल तर खिमा हा लय कामाचा प्रकार आहे. पण कोणता करायचा हे ठरवताना लोक नुसता किलोचा भाव विचारतात आणि तिथंच सगळी गडबड होते. किलोनं तुलना करायचीच नाही, कारण हाड, पाणी, चरबी सगळं वजा झाल्यावर ताटात किती पडतं ते तिन्ही खिम्यांचं एकदम वेगळं आहे, आणि मला तरी त्या हिशोबानं जे दिसतं ते भावाच्या पाटीवर दिसत नाही.

आधी एक गोष्ट, कारण यूट्यूब पाहून पोरी विचारतातच. तिकडे अमेरिकेत हेच काम ग्राउंड बीफ, म्हणजे गाई-बैलाच्या मांसाचा खिमा करतं, पाकिटावर ८०/२० असं लिहिलेलं असतं म्हणजे ८० टक्के मांस आणि २० टक्के चरबी, तव्यावर टाकलं की त्याचीच चरबी सुटते, वरून तेलही फारसं लागत नाही आणि अर्ध्या तासात टॅको म्हणा पास्ता म्हणा जेवण तयार. आपल्या राज्यात मार्च २०१५ पासून गाईसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीचं मांस त्या बंदीत येत नाही, पण आमच्या बाजूच्या आठवडी बाजारात ते काही दिसत नाही, त्यामुळे त्याची तुलना इथं करण्यात अर्थ नाही. आपल्यापुढं खरे पर्याय तीनच: बोकडाचा खिमा, ब्रॉयलरचा खिमा आणि बारीक सोयावडी. अंड्याचा चौथा, त्याचं शेवटी सांगते.

मटणाचा

चवीत याला तोड नाही, हे आधीच मान्य करून टाकते म्हणजे वाद नको. बोकडाच्या मांसाला स्वतःची चव असते आणि थोडी चरबी असली की मसाला तिच्यात असा काही मुरतो की दुसऱ्या दिवशी सकाळी शिळ्या भाकरीसोबत आणखीच चांगला लागतो. सावजी मसाला तर याच्यासाठीच बनलाय म्हणा ना, नागपूरच्या कोष्टी विणकरांच्या घरातून हॉटेलात आलेला तो झणझणीत काळपट रस्सा, त्याला तेल आणि चरबी दोन्ही लागतात, चिकनच्या खिम्यात तोच मसाला टाकला तर फक्त मसालाच लागतो, चिकन कुठं गेलं ते कळत नाही.

आता अडचणी. भाव आमच्याकडे ७०० ते ८०० च्या मधात फिरतो, म्हणजे अर्धा किलो घेतला तरी ३५०-४०० गेले. शिजताना पाणी आणि चरबी सुटून तो साधारण पाव हिस्सा कमी होतो, म्हणजे अर्ध्या किलोचा झाला पावणेचारशे ग्रॅम, आणि सहा माणसांत वाटला तर एकेकाच्या वाट्याला साठ-पासष्ट ग्रॅम. त्यात आलू आणि वटाणे टाकल्याशिवाय भागतच नाही. दुसरं म्हणजे मटण रोज मिळत नाही, गावात बाजाराच्या दिवशी नाहीतर रविवारी बोकड पडतो, आणि रविवारच्या गर्दीत खिमा मागितला की खाटिक तोंड वाकडं करतो, कारण ठोकळ्यावर सुऱ्यानं बारीक करायला वेळ लागतो आणि मागं दहा जण थैल्या घेऊन उभे असतात. सकाळी लवकर जायचं आणि स्पष्ट सांगायचं, मांडीचा द्या, हाड काढून द्या, चरबी पूर्ण काढू नका. हाडासकट कुटलेला खिमा स्वस्त पडतो पण त्यात बारीक कणी येतात, घरात लहान पोरगं नाहीतर दात हलणारं म्हातारं माणूस असलं तर घेऊच नका. आणि धुवायचं असेल तर तुकडा असतानाच धुवून घ्या, खिमा झाल्यावर चाळणीत धुतला तर चव पाण्यासोबत मोरीत जाते.

वेळ? मसाला परतून कुकरला तीन-चार शिट्ट्या, मग झाकण काढून आटवणं, सगळं धरून पाऊण तास. तुकड्यांच्या मटणापेक्षा लवकरच, पण चिकनपेक्षा जास्त.

चिकनचा

याची सगळ्यात मोठी जमेची बाजू भाव नाही, दुकान आहे. चिकनवाला रोज उघडा असतो, श्रावण सोडला तर, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी सुचलं तर बुधवारीच करता येतं. शिजतोही दहा-बारा मिनिटांत.

पण स्वस्त स्वस्त म्हणून जे सांगतात त्यात निम्मं खरं आहे. कोंबडी कापून किलोला २००-२५० असेल, पण खिम्याला लागतं बोनलेस, आणि किलोभर कोंबडीतून हाडं काढल्यावर अर्ध्याच्या जरासं वर मांस निघतं. म्हणजे बोनलेसचा खरा भाव ४०० च्या आसपास गेला, दुकानदारानं काढून दिलं काय की तुम्ही घरी काढलं काय. तरी मटणाच्या निम्म्यात बसतं हे खरं. फक्त हाडं दुकानात सोडून येऊ नका, पैसे तुम्ही त्याचेही दिलेत, त्यांचा दुसऱ्या दिवशी आलं-मिरं टाकून मस्त पाणीदार रस्सा होतो.

गावातल्या दुकानात खिम्याची मशीन नसते, घरीच करावा लागतो. तुकडे फ्रीजरमध्ये थोडे कडक होऊ द्या आणि मग मिक्सर थांबून थांबून फिरवा, एकसारखा फिरवला की खिम्याची चिकट पेस्ट होते. आणि हे सगळं लाइट असेल तर! नेमकं संध्याकाळी लोडशेडिंग असलं तर बसा सुरी घेऊन.

चरबी नसल्यामुळं हा खिमा कोरडा पडतो, भुशासारखा लागतो, म्हणून दोन भेदरं (टमाटे) जास्त टाका नाहीतर शेवटी चमचाभर दही. रस्सा याचा करू नका, दाणे खाली बसतात आणि वर नुसती तर्री तरंगते. सुका करा, भरपूर सांभार (कोथिंबीर) टाका आणि पोळीत गुंडाळून द्या, पोरं टॅको समजून खातात. पराठ्यात भरायला तर मटणापेक्षा मी चिकनच घेते, कारण तो पीठ फाडून बाहेर येत नाही.

सोयावडीचा

आता खरी मजा. सोयाबीन आपण पिकवायचं, २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८, तोही हातात पडला तर, आणि त्याचंच तेल काढून उरलेल्या पिठाची वडी पाकिटात भरून आपल्यालाच परत विकत आणायची. पण तरीही रुपयाला रुपया मोजला तर याच्याजवळ कोणी येत नाही.

बाजारात मोठी वडी आणि बारीक दाणे असे दोन्ही मिळतात, खिम्याला बारीकच घ्या. पाकिटावर १०० ग्रॅममध्ये ५२ ग्रॅम प्रोटीन लिहिलेलं असतं आणि लोक लगेच म्हणतात मटणापेक्षा अडीचपट! थांबा बापा, ते कोरड्या वडीचं आहे. भिजून पिळल्यावर १०० ग्रॅमची जवळपास ३०० ग्रॅम होते, म्हणजे ताटातल्या १०० ग्रॅममागं १७ ग्रॅमच्या आसपास, आणि कच्च्या बोकडाच्या मांसात असतं वीसच्या आसपास. तेही शिजून पाव हिस्सा आटलं की ताटात सव्वीस-सत्तावीस होतं, म्हणजे वडी मटणाच्या मागंच. पण लोह मात्र मटणातलं अंगी जास्त लागतं, वडीतलं कमी, म्हणून वडीवर लिंबू पिळायचं विसरू नका, त्यानं थोडी मदत होते.

काही जण विचारतात की घरचं पोतंभर सोयाबीन पडलंय तं त्याचाच खिमा काहून नाही करायचा? नाही होत. दाण्यात तेल असतं त्यामुळं तो तसा मोकळा फुलत नाही, आणि कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारे घटक असतात, ते चांगलं शिजवल्याशिवाय जात नाहीत. वडी कारखान्यात उष्णतेनं आणि दाबानं तयार होते म्हणून तिला तो जाळीदार पोत येतो जो आपल्याला मांसासारखा वाटतो.

वासाची तक्रार सगळ्यांची असते आणि ती बरोबरच आहे. उपाय सोपा आहे, मीठ टाकून पाच मिनिटं उकळा, गार पाण्यातून दोनदा काढा, घट्ट पिळा, आणि मग मसाल्यात टाकायच्या आधी तेलात लालसर होईपर्यंत परता. हे परतणं टाळलं तर वडी वडीच राहते, खिमा होत नाही. कांदा-खोबरं भाजून वाटलेला काळा मसाला टाका, तेल दोन चमचे जास्त लागेल. पंचवीस मिनिटांत उरकतं.

आणि एक गोष्ट जी भावाच्या हिशोबात येतच नाही. आपल्याकडे बऱ्याच घरात एक तरी माळकरी माणूस असतं, सासरे म्हणा आजेसासू म्हणा. मटण असलं की त्यांचं वेगळं गंज (पातेलं), वेगळा चमचा, वेगळं बेसन (पिठलं). सोयाचा असला तर एकच भाजी, एकच पंगत. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला दुसरी भाजी न करावी लागणं याची किंमत किती लावायची ते तुम्हीच सांगा.

मग मी काय करते

माळकरी घरात नसेल तर माझं मत सरळ आहे: मटण पाव किलो आणि सोयावडी कोरडी १०० ग्रॅम, दोन्ही एकत्र. पाव किलो मटणाचे दोनशेच्या आत, वडीचे वीस-पंचवीस, आणि भिजलेली वडी धरून सहा माणसांना पुरून उरतं. बोनलेस चिकनच्या अर्धा किलोइतकेच पैसे झाले पण चव मटणाची. पद्धत मात्र उलटी करू नका, आधी मटणाचा खिमा मसाल्यात शिजवून चरबी सुटू द्या, मग पिळलेली वडी त्यात टाका आणि झाकण ठेवून दहा मिनिटं, ती चरबी आणि रस वडी पिऊन घेते. आमचे सासरे पहिल्याच घासाला म्हणाले, "यात वडी टाकली हाये न?" आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला.

फक्त गोळे करायचे असतील तर ही भेसळ चालत नाही. वडी एकमेकाला धरून राहत नाही, रस्स्यात सुटते. गोळ्यांना निव्वळ मटण आणि बांधायला फुटाण्याचं पीठ. चिकनचे गोळे होतात पण मऊ पडतात, उकळत्या रस्स्यात हळूच सोडावे लागतात. खिमा-भात एकाच कुकरमध्ये उरकायचा असेल तर मात्र हा मिसळ खिमा सगळ्यात चांगला, तांदळाला चवही लागते आणि वडी पाणीही शोषून घेते, त्यामुळं अर्धी वाटी पाणी जास्त टाका.

उन्हाळ्याचा हिशोब वेगळा ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, आणि खिमा हे तुकड्यांपेक्षा लवकर खराब होणारं प्रकरण आहे, कारण तुकड्याच्या वरच्या बाजूला जे काही जंतू असतात ते बारीक करताना आतपर्यंत मिसळले जातात. ३२ डिग्रीच्या वर बाहेर एक तासापेक्षा जास्त ठेवायचा नाही असा नियम आहे, म्हणजे तालुक्याहून बाजार करून दुपारच्या एसटीनं यायचं असेल तर खिमा आणूच नका, तुकडे आणायचे तरी बर्फ लागेल. फ्रीजमध्येसुद्धा कच्चा खिमा एक-दोन दिवसच, आणि लाइट दिवसातून चारदा जात असेल तर तेवढाही भरवसा धरू नका. मटणाचा ७१ आणि चिकनचा ७४ डिग्रीपर्यंत आतून तापला पाहिजे असं सांगतात, आपल्याकडे कुठं थर्मामीटर, कच्चा गुलाबी रंग अजिबात दिसू द्यायचा नाही आणि चांगला खदखदू द्यायचा. एप्रिल ते जून मी बहुतेक सोयाच करते, पाकीट डब्यात महिनोन् महिने राहतं.

राहिला अंड्याचा. हा तुलनेत बसत नाही खरं तर, पण रात्री आठला पाहुणा आला आणि घरात काहीच नसलं तर हाच. अंडी उकडून किसणीवर किसायची, कांदा-भेदरं-लसूण चांगलं तेल सुटेपर्यंत परतून त्यात शेवटी टाकायची, जास्त हलवायची नाहीत नाहीतर पिवळं विरघळून नुसती खळ होते. माणशी दीड अंडं धरा, आणि भाकरी आधी थापून ठेवा, कारण हा गार झाला की खाववत नाही.