रणजीचे दोन सामने की कबड्डीचे पंधरा हंगाम: विकिपीडियावर पान कोणाचं?

कापसाचा पहिला वेचा घरात आला की आमच्या भागात, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या अलीकडच्या पट्ट्यात, रात्रीचे कबड्डी सामने सुरू होतात. सामने सुरू झाले की कोणी ना कोणी माझ्याकडे फाईल घेऊन येतो. मी मराठी विकिपीडियावर अधूनमधून लिहितो हे गावाला कळलं आहे, त्याचा हा परिणाम. यंदा शाळेचे पीटी सर आले, तेही दोन फाईली घेऊन. "भाऊ, या दोघायपैकी एकाचं तरी पान करून टाका. पोट्टे मोबाइलवर नाव शोधतात, काहीच येत नाही."

पहिली फाईल पातळ. तालुक्यातला वेगवान गोलंदाज, नव्वदच्या दशकात विदर्भाकडून रणजीचे दोन सामने खेळलेला, आता शेती करतो. फाईलीत दोन धावफलकांच्या छापील प्रती आणि एक संघाचा फोटो. दुसरी फाईल दोरीनं बांधलेली. कबड्डीचा चढाईपटू, पंधरा हंगाम मैदानं गाजवलेला, विदर्भाच्या संघातून दोन वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा खेळलेला. त्यात प्रमाणपत्रं, सामन्यांची पत्रकं, कात्रणं, मंडळाची स्मरणिका, आणि गावच्या चौकातल्या फ्लेक्सचा फोटोसुद्धा.

सरांचा कल पहिल्याकडे. रणजी म्हणजे रणजी! पूर्वी मीही तेच म्हटलं असतं, आणि तेव्हा ते नियमाला धरून झालं असतं. इंग्रजी विकिपीडियावर बरीच वर्षं असा संकेत होता की प्रथम श्रेणीचा (रणजी त्यातच येते) एक सामना खेळलेला क्रिकेटपटू पानास पात्र धरायचा. त्यामुळे हजारो पानं अशी झाली की ज्यांत जन्मतारीख, संघाचं नाव आणि धावफलकाचा दुवा यापलीकडे काही नव्हतं. २०२१ मध्ये ऑलिम्पिकपटूंबाबत कात्री लागली. नुसता सहभाग पुरेनासा झाला, पदक असेल तरच पात्रता गृहीत धरायची असं ठरलं. २०२२ मध्ये बाकी खेळांसाठीही 'इतके सामने खेळला की झालं' हा हिशेब गेला. आता खेळाडूच्या पानावर निदान एक तरी संदर्भ असा लागतो, ज्यात त्याच्याबद्दल सविस्तर लिहिलेलं आहे. आकड्यांचा तक्ता त्यात मोडत नाही.

मराठी विकिपीडियावर इतके बारीक क्रीडानियम नाहीत. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपापलं ठरवतो, आणि आपल्याकडे लिहिणारी माणसंही मोजकी. पण 'उल्लेखनीयता' या शब्दाचा अर्थ इथेही तोच. ज्याला या खेळाडूशी काही देणंघेणं नाही, अशा माणसानं बसून त्याच्याबद्दल चार परिच्छेद लिहिले आहेत का? आणि असं एकाहून अधिक ठिकाणी झालं आहे का? खेळाडू किती भारी होता हा प्रश्नच नाही. हे सरांना पटवताना माझा चहा दोनदा गार झाला.

या कसोटीवर पहिली फाईल लावली तर हातात शून्य येतं. दोन्ही धावफलक खरे आहेत, कोणीही तपासू शकतो. पण त्यातून कळतं काय? किती षटकं टाकली, किती बळी मिळाले. तो खेड्यातून नागपूरला सरावाला कसा जायचा, तिसऱ्या सामन्यात का नव्हता, यातलं काही नाही. वलनीसारख्या खाणवस्तीतून आलेला उमेश यादव २०११ मध्ये कसोटी खेळला, तेव्हा त्याच्यावर इतकं लिहिलं गेलं की पानाचा वाद उद्भवत नाही. आपला गोलंदाज आणि तो दोघंही विदर्भाचेच, पण एकाबद्दल लिहिलं गेलं, दुसऱ्याबद्दल नुसतं नोंदलं गेलं.

दुसरी फाईल उघडली की आधी छाती भरून येते, मग चाळणी लावावी लागते. प्रमाणपत्रं बाजूला: खरी असली तरी ती संघटनेनंच दिलेली. पत्रकं बाजूला: ती आयोजकांनी छापलेली, आणि त्यांत खेळाडूपेक्षा पहिलं बक्षीस देणाऱ्या पुढाऱ्याचं नाव मोठं. स्मरणिका त्याच्याच मंडळाची, म्हणजे घरच्यांनीच केलेलं कौतुक. फ्लेक्सबद्दल बोलायलाच नको.

कात्रणं मात्र सावकाश वाचावी लागतात, कारण फसगत तिथेच होते. सरांनी मोठ्या अभिमानानं तीन वेगवेगळ्या दैनिकांची कात्रणं मांडली. तिन्हींत 'तालुका प्रतिनिधी'. तिन्ही बातम्या शब्दाला शब्द सारख्या, दुसऱ्या ओळीतला चुकलेला अनुस्वारसुद्धा तिन्हीकडे चुकलेला. म्हणजे मंडळानं प्रेसनोट पाठवली आणि तिघांनी ती तशीच लावली. दिसायला तीन, मोजायला एक, आणि तीही मंडळाचीच. "निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन" म्हणून चौकटीत छापलेला मजकूर ही जाहिरात असते, बातमी नसते. असली कात्रणं पिशवीभर असली तरी वजन भरत नाही.

पण फाईलीच्या तळाशी एक घडी केलेलं पान निघालं. नागपूरच्या दैनिकाची रविवार पुरवणी. बातमीदार गावात येऊन गेला होता. खेळाडूच्या आईशी बोलला होता, उजवा गुडघा गेल्यावर त्यानं चढाईची बाजू कशी बदलली हे त्यानं लिहिलं होतं, आणि एका सामन्यात त्याची चूक कशी नडली हेही. ती चूक वाचून मला बरं वाटलं. गावचं पत्रक कधी चूक छापत नाही. बाहेरचा माणूस छापतो, म्हणून त्याच्या लेखाला किंमत.

तेव्हा पहिल्याची पातळी वरची, पण लिखाण शून्य. दुसऱ्याची पातळी क्रिकेटवाल्यांच्या नजरेत खालची, पण खरा संदर्भ एक. आज पान करायचंच झालं तर दुसरा जवळ आहे, पहिला लांब. सरांना हे उलटंच वाटलं.

पुण्या-कोल्हापूरकडची मंडळी इथे एक शंका काढतात. कबड्डी-खोखोत विदर्भाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्रापेक्षा वेगळा उतरतो, म्हणून तुमच्याकडे 'राष्ट्रीय खेळाडू' होणं सोपं, असं ते म्हणतात. म्हणोत बापडे. सहभागावर पान मिळतच नसेल तर सोपं काय आणि कठीण काय!

संघाच्या मोठेपणातला वाटा खेळाडूला आपोआप मिळतो, असंही धरू नये. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथे कबड्डीची आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. मंडळाचं पान हवंच. पथकातल्या प्रत्येकाचं वेगळं पान मात्र होणार नाही. ज्याच्यावर स्वतंत्र लिहिलं गेलं त्याचं होईल, बाकीची नावं मंडळाच्या पानावर शोभतात.

एकच खरा संदर्भ असलेल्या माणसाचं स्वतंत्र पान करावं का? माझं मत, करू नये. एकदा मी घाई केली होती. माझ्याच एका विद्यार्थिनीचं पान एका बातमीवर उभं केलं. ते वगळावं का यावर चर्चा सुरू झाली, आणि तिच्या घरच्यांनी ती मोबाइलवर वाचली. 'उल्लेखनीय नाही' हे चार अनोळखी माणसांनी आपल्या पोरीबद्दल लिहिलेलं वाचणं कोणाला आवडेल? चूक माझी होती. शिवाय ती तेव्हा सतरा वर्षांची. शाळकरी पोरांची पानं, तीही जन्मतारखेसकट, या भानगडीत तेव्हापासून मी पडत नाही.

आणखी एक. पान झालं की ते खेळाडूचंही नसतं, माझंही नसतं. उद्या मैदानावर मारामारी झाली आणि पेपरात आली, तर तीही तिथे कोणी लिहील, आणि संदर्भ असेल तर ती राहील. काका-मामांनी पान लिहायचंच असेल तर त्या पानाला जोडलेल्या चर्चा पानावर नातं सांगून लिहावं. आणि 'इतके पैसे द्या, पक्कं पान करून देतो' असा फोन आला तर ठेवून द्यावा. पैसे घेऊन लिहिणाऱ्यानं तसं जाहीर करणं विकिपीडियावर बंधनकारक आहे, आणि पान पक्कं करून देणं कोणाच्याच हातात नाही.

स्वतंत्र पान आणि काहीच नाही, यांच्या मधे एक जागा आहे, आणि ती आपल्याकडे ओस पडली आहे. मराठी विकिपीडियावर आपल्या बऱ्याच खेड्यांची पानं आहेत. उघडून पाहा: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा. मथळे आहेत, खाली बहुतेक ठिकाणी रिकामं. उल्लेखनीयतेची अट स्वतंत्र पानाला आहे, पानातल्या ओळीला नाही. ओळीला फक्त तपासता येणारा संदर्भ लागतो, आणि रविवार पुरवणीचा तो लेख त्याला पुरतो. कात्रणातला फोटो मात्र चढवू नका, तो ज्यानं काढला त्याचा. मैदानावर जाऊन आपल्या मोबाइलनं काढलेला चालतो.

खेळाडूच्या नावानं पुनर्निर्देशनही करता येतं. नाव शोधणारं पोरगं सरळ गावाच्या पानावर येतं. आणखी एखादा मोठा लेख सापडला तर त्याच जागी पूर्ण पान वाढवता येतं, काही वगळायची पाळी येत नाही.

गोलंदाजाचा विषय मी बंद केलेला नाही. त्याच्या वेळचं नागपूरच्या दैनिकांचं लिखाण इंटरनेटवर नाही म्हणजे ते नव्हतंच, असं होत नाही. छापील संदर्भही विकिपीडियावर तितकाच चालतो. मी त्याचं कच्चं टिपण माझ्या धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या माझ्या सरावाच्या पानावर, ठेवलं आहे, आणि सरांना सांगितलं आहे की दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला जाल तेव्हा त्या हंगामाचे जुने अंक ग्रंथालयात चाळा. तारखा धावफलकावर आहेतच. सामन्याच्या वृत्तांतात त्याचं नाव येऊन गेलं असेल तर ते पुरणार नाही. त्याच्यावरच काही असेल तर कात्रणाच्या आधी अंकाची तारीख आणि पान क्रमांक लिहून आणा.

कबड्डीवाला स्वतःच दुसऱ्या दिवशी घरी आला. सरांनी त्याला सगळं सांगितलं होतं, राग नव्हता. एवढंच विचारलं, "म्हंजे माह्यं नाव कुठं येईन?"

"गावाच्या पानावर. लोकजीवन म्हणून मथळा आहे, त्याच्याखाली. बैलांच्या शंकरपटाबद्दल एक ओळ आहे तिथे."

"पटाच्या वरते का खालते?"