तीन वेळा पैसे दिले, डिझेल फिल्टर मात्र एकदाही बदलला नव्हता

गेल्या पावसाळ्यात नारायणगावातून टोमॅटो भरून वाशीला सोडले आणि माळशेजमार्गे परत निघालो. जाताना भरलेली पिकअप घाट उतरते, त्यामुळे काही जाणवलं नव्हतं. येताना रिकामी गाडी चढाला ओढेना. पाय पूर्ण दाबला तरी दुसऱ्या गिअरवर रांगत होती, वर इंजिनचा दिवा लागलेला. महिनाभर आधीपासून सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागत होता, पण मला वाटलं बॅटरी उतरली असेल.

गाडी नेहमीच्या गॅरेजला नेली. तिथे माझं चार वर्षांचं जाणं-येणं. स्कॅनर लावला आणि निदान झालं: "रेल प्रेशर कमी दाखवतंय शेठ. पंप गेलाय, इंजेक्टर पण गेलेत. बेचाळीस हजार धरून चाला." रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी एकच नळी, रेल प्रेशर म्हणजे तिच्यातला दाब, आणि इंजेक्टर ते डिझेल इंजिनात फवारतात.

"डिझेल फिल्टर बघितला का?"

"अहो, दिवाळीतच तर नवा टाकलाय."

एवढे पैसे नव्हते, म्हणून तशीच गाडी आळेफाट्याला एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, फिल्टरवर टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं. "भाऊ, हा बोल्ट कधी फिरलेला दिसतोय का, तुम्हीच सांगा." बोल्टाच्या खाचेत चिखल वाळून दगड झाला होता. पाना लागल्याची एक खूण नाही. डबा फडक्याने पुसला तर त्यावर उत्पादनाचं वर्ष निघालं, 2021. माझी गाडीही 2021 चीच. म्हणजे कंपनीतून आला तोच फिल्टर 68,000 किलोमीटर चालला होता आणि मी तीनदा नव्या फिल्टरचे पैसे मोजले होते. त्यांनी खालचा पाणी काढायचा स्क्रू सैल करून बाटली धरली. तळाला दोन बोटं तांबूस पाणी, वर डिझेल. ते बघून पोटात गोळा आला.

आताच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार बारच्या वर दाबाने इंजेक्टरमध्ये जातं आणि पंपाला वंगणही त्या डिझेलचंच मिळतं. फिल्टर चोंदला की पंप उपाशी राहतो, रेल प्रेशर पडतं आणि स्कॅनर तेच दाखवतो. फिल्टरमध्ये पाणी भरलं की ते पुढे जाऊन पंप-इंजेक्टर गंजवतं. माझा पंप वाचला. एक इंजेक्टर मात्र गंजला होता, तो बदलावा लागला. नवा फिल्टर टाकून, हातपंपाने लाइनमधली हवा काढल्यावर गाडी पहिल्यासारखी ओढायला लागली.

म्हणून कळकळीने सांगतो, चढाला दम कमी पडणं, सकाळी उशिरा स्टार्ट होणं, लोड आला की झटके देणं, डॅशबोर्डवर पाण्याच्या थेंबाचा दिवा लागणं, यातलं काहीही दिसलं तर पंप खोलू देण्याआधी फिल्टर उघडायला लावा. किती किलोमीटरला बदलायचा हे गाडीच्या पुस्तकात असतं. माझ्या पुस्तकात 20,000 लिहिलंय, काही गाड्यांना 40,000 सुद्धा असतं. फिल्टर बदलताना समोर उभे राहा. नव्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा, जुना मागून घरी न्या.

आणि पक्कं बिल घ्या, त्यात फिल्टर वेगळा लिहून. गॅरेजवाल्याला बोल्टाचे फोटो दाखवले तर म्हणाला, "पोरांनी केलं असेल." माझ्याकडे होत्या त्या नुसत्या चिठ्ठ्या, "सर्व्हिसिंग 4,200" अशा. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण त्या चिठ्ठ्यांवरून फिल्टरचे पैसे घेतले हे मी कसं दाखवणार?

आमच्या गावातल्या आणखी दोन पिकअप त्याच गॅरेजला जातात. त्या संध्याकाळी दोघांनी बॉनेट उघडून टॉर्च मारला. एकाचा फिल्टर नवा निघाला. दुसऱ्याच्या बोल्टात माझ्यासारखाच वाळलेला चिखल होता.