आंबापेट्यांचा हिशेब: गूगल शीट की एअरटेबल?

देवगडात कलमं, वाशीत गाळा, मध्ये टेम्पो. तिघांनी एकच नोंद पाहायची तर कुठे लिहावं?

खर्चाचं आधी. शीट फुकट आणि १ कोटी खाने, हंगामाला भरपूर. एअरटेबल म्हणजे एकमेकांना जोडलेल्या तक्त्यांचं ऑनलाइन साधन; त्याच्या फुकट योजनेत एका बेसला (तक्त्यांच्या एका संचाला) १,००० नोंदी. रोज ४० पेट्या सुट्या नोंदवल्या तर पंचविसाव्या दिवशी संपल्या!

चुकांत मात्र शीट बदनाम. कुणी एकाच रकान्याची क्रमवारी लावली की बागायतदार एकीकडे, पेट्या दुसरीकडे. ‘५ डझन’ असं अक्षरात लिहिलं की बेरीज तो आकडा गुपचूप सोडून देते. सेटिंगमधलं लोकेल (तारखा-आकडे कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायचे ते) अमेरिकेचं राहिलं तर ४/५ म्हणजे ५ एप्रिल. एअरटेबलमध्ये ओळ फुटत नाही. बागायतदाराचं नाव एकदाच लिहून प्रत्येक खेपेला जोडायचं.

रेंजचं काय? शीटचं ऑफलाइन आधी चालू केलेलं असेल तर बागेतही लिहिता येतं. एअरटेबलला नेट लागतंच.

बागेतून नोंद करणाऱ्यांनी शीटच घ्यावी, डझनाच्या रकान्याला फक्त आकड्यांचं बंधन घालून. पेढीवर बसून पन्नास बागायतदारांची उचल सांभाळणाऱ्याला एअरटेबल. नोंद पेटीची नको, खेपेची करा.