सरकारी नोकरीची केस असेल तर इंदूरात ह्या वकील मॅडमकडे जा

पाचपैकी साडेचार. अर्धा पार्किंगमुळे कापला, एमजी रोडवर हायकोर्टाच्या आसपास दुपारी गाडी लावायला जागा मिळत नाही, ऑटोनंच जा.

आमचं काम काय होतं ते सांगते, कोणाला तरी उपयोग होईल. आमचे हे बरीच वर्षं दुसऱ्या विभागात प्रतिनियुक्तीवर होते, संविलियनाची, म्हणजे तिथेच कायमचं सामावून घ्यायची, फाइल भोपाळला गेलेली, आणि मधेच आदेश आला की मूळ विभागात परत जा. घरात सगळ्यांचं एकच, इतकी वर्षं तिथे राबले म्हणजे हक्क झाला, सरळ हायकोर्टात रिट लावा. आधी ज्या वकिलांकडे गेलो त्यांनी तर कागदाला हात न लावताच आदेशावर पक्का स्टे मिळेल म्हणून सांगितलं.

मॅडमनी आधी सर्व्हिस बुकच्या नकला, प्रतिनियुक्तीचा आदेश आणि दोन्ही विभागांचे भरती नियम मागितले, आमच्यासमोर बसून वाचले आणि मग स्पष्ट बोलल्या की प्रतिनियुक्तीवर कितीही वर्षं काढली तरी संविलियनाचा हक्क तयार होत नाही, सुप्रीम कोर्टानं 2000 साली कुणाल नंदा केसमधे हेच सांगितलंय, तो सीबीआयमधे प्रतिनियुक्तीवर होता आणि त्यालाही परत पाठवणं कोर्टानं बरोबर ठरवलं. नियमात तरतूद हवी आणि पाठवणारा विभाग, घेणारा विभाग, कर्मचारी असे तिघंही राजी हवेत. आणि आधी जाऊन मूळ विभागात रुजू व्हा म्हणाल्या, तुमचा लियन, म्हणजे कायम पदावरचा हक्क, तिथे आहे, घरी बसलात तर गैरहजेरीची चौकशी लागेल ती वेगळीच. ऐकायला वाईट वाटलं पण आम्हाला हेच ऐकायची गरज होती.

माझी नणंद सोबत होती, तिची काळजी उलटी, तिची संस्था दुसऱ्या संस्थेकडे द्यायचं चाललंय. तिला मॅडमनी 1989 ची जेएनयूची केस सांगितली, जेएनयूचं इम्फाळचं सेंटर मणिपूर युनिव्हर्सिटीकडे दिलं तेव्हा तिथल्या एका प्राध्यापकांनाही तिकडे ढकललं होतं आणि कोर्ट म्हणालं की संमतीशिवाय माणसाला एका मालकाकडून दुसऱ्याकडे देता येत नाही. आपल्याच विभागातली बदली मात्र नोकरीचा भागच आहे, तिथे कोर्ट सहसा हात घालत नाही.

सगळ्यात मोठं काम वरिष्ठतेचं केलं. संविलियनासाठी जे संमतीपत्र भरून मागितलं होतं त्यात खाली एक ओळ होती, मागच्या सेवेची वरिष्ठता मागणार नाही. आमच्या कोणाचं तिकडे लक्षच नव्हतं, मॅडमनी तिथेच बोट ठेवलं. रूपलाल केसमधे, 1999 चा निकाल आहे, बीएसएफ वगैरेमधून दिल्ली पोलिसात आलेल्या सब-इन्स्पेक्टरांना समकक्ष पदावरची जुनी सेवा संविलियनानंतरच्या वरिष्ठतेत धरून मिळाली. पण तुम्ही स्वतःच्या विनंतीनं जाताय आणि सगळ्यात खाली बसायला तयार आहात असं लिहून दिलं तर नंतर भांडायला काही उरत नाही. आपल्या मध्य प्रदेशात 1961 च्या सेवाशर्तींच्या नियमांत वरिष्ठतेचा नियम 12 आहे, तोही उघडून दाखवला. मग ती ओळ काढून नवीन संमतीपत्र आणि सोबत निवेदन असं तयार करून दिलं, पदं समकक्ष आहेत हे वेतनमानासकट मांडून.

पहिल्या भेटीचे दीड हजार घेतले, निवेदनाचे वेगळे. कमी नाहीत, पण रिट लावायला लावली असती तर किती गेले असते. ड्राफ्ट इंग्रजीत असतो, समजावून मात्र मराठीत सांगतात, माझ्या सासऱ्यांनासुद्धा सगळं कळलं. व्हॉट्सॅपवर उत्तर रात्री उशिरा येतं, कोर्टाच्या वेळेत फोन करू नका.

केंद्राचे कर्मचारी असाल तर केस कॅटमधे, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात जाते, जबलपूर बेंच, इंदूरला येऊन त्यांचं सर्किट सिटिंग होतं, ते कामही ह्या बघतात. राज्यवाल्यांचं सरळ हायकोर्टात. जाताना नियुक्ती आदेश, एनओसी आणि कुठे सही केली असेल तर त्याची कॉपी नक्की घेऊन जा, आणि शक्यतो सही करायच्या आधीच जा.